चीज आणि चीजवस्त

लखनौस बदलून आलेल्या मराठी गृहस्थास पहिल्या वर्षात केव्हातरी पाहुण्यांना घेऊन कैसरबागेत जावेच लागते. पाहुण्यांना 'नवाबी' पाहावयाची असते. आणि इमामवाडा व रेसिडेन्सी पाहून झाल्यावर तिसरे ठिकाण म्हणून हेच सुचते. वास्तविक कैसरबागेत आता पाहण्यासारखे फारसे उरलेले नाही. वाजिद अली शाह यांनी १८४८ ते १८५० या दोन-तीन वर्षांत उभारलेल्या त्या अवाढव्य राजवाड्यांपैकी दोन लाखी दरवाजे, सफेद बारादरी आणि इकडे तिकडे विखुरलेल्या काही इमारती एवढेच शिल्लक आहे. मधून रस्ते गेले आहेत आणि रस्त्यांवर अहोरात्र गर्दी आहे. पाहुणे जरा हिरमुसतात. अशा वेळी आम्ही त्यांना एका जुन्या इमारतीच्या फाटकाशी नेऊन उभे करतो. आतून एकाच वेळी तीनचार खोल्यांतून तीनचार राग ऐकू येत असतात, त्यांत कोठे तबल्याची धडपड आणि कोठे घुंगरांचा आवाज मिसळलेला असतो. या इमारतीस परीखाना म्हणत. वाजिद अली शाह येथे आपल्या 'पऱ्यां'ना गाण्यानाचण्याची तालीम देववीत. आज येथे भातखंडे संस्कृति विश्वविद्यालय आहे. 'भातखंडे' ही अक्षरे फाटकावर वाचली की पाहुण्यांचा हिरमोड कोठल्या कोठे जातो, आणि खरे सांगावयाचे तर आमचीही मान थोडी ताठ होते.

ती ताठ होण्यास कारण आहे. परंतु या जागेचा इतिहास थोडा खोलात जाऊन चाळला म्हणजे ते कारण आपण समजतो तितके सरळ राहत नाही.

१८५८ च्या मार्च महिन्यात सर कॉलिन कॅम्बेल यांच्या फौजा लखनौत शिरल्या आणि १४ तारखेस कैसरबाग पडला. त्यानंतर तेथे जे झाले ते लंडनच्या 'टाइम्स'चा बातमीदार विल्यम हॉवर्ड रसेल याने प्रत्यक्ष पाहिले आणि १८६० साली छापलेल्या आपल्या रोजनिशीत लिहून ठेवले. झुंबरे आणि आरसे फुटत होते, पेट्या बंदुकीच्या दस्त्यांनी उघडल्या जात होत्या, आणि चौकात शेकोट्या करून त्यांत जरीची वस्त्रे टाकली जात होती. कापड जळून गेले म्हणजे खाली सोन्यारुप्याचा रस उरतो एवढाच त्यातला हिशेब. एका शिपायाने रसेलला रत्नांचा एक दागिना शंभर रुपयांस देऊ केला. अट एकच, पैसे तेथल्या तेथे रोख हवेत. बिचाऱ्या रसेलच्या खिशात त्या वेळी काहीच नव्हते, पैसे नोकराजवळ होते. सौदा हुकला, याची हळहळ त्याच्या लिहिण्यात स्पष्ट दिसते.

उघड्यावर सापडेल ते लुटणे सोपे असते. परंतु शहरे पडणार हे ज्यांस आधी कळले त्यांनी आपली चीजवस्त उघड्यावर ठेवलीच नव्हती. ती भिंतीच्या पोकळीत गेली, फरशीखाली गेली, विहिरीत गेली. दिल्लीस तर या लपवलेल्या मालाचा शोध घेण्यासाठी लूट-अधिकारी नेमलेले होते, आणि त्यांच्या माणसांनी घराघरांतून एक युक्ती चालविली होती. जमिनीवर पाणी ओतावयाचे, आणि ते जेथे लवकर जिरेल तेथे कुदळ घालावयाची. कारण तेथली माती नुकतीच उकरलेली असणार. मराठी वाचकास ही हकीकत परकी वाटावयाचे कारण नाही. येथून कानपुराच्या वाटेवर थोडे पुढे ब्रह्मावर्त आहे. १८५७ च्या डिसेंबरात नानासाहेब पेशव्यांच्या तेथील वाड्यातील विहीर इंग्रजी फौजेने दिवसानुदिवस उपसली आणि तळाची सोन्याचांदीची ताटे व भांडी वर काढली. ज्या ताटांत पेशव्यांच्या घरच्या पंगती उठल्या, त्यांची मोजदाद परक्या सैनिकांनी केली.

आता ज्या ठेवीविषयी लिहावयाचे मनात आहे ती याच लखनौच्या घरांतून दडवलेली होती, पण तिला कुदळ लागू शकत नव्हती. गवयांच्या बोलीत तिलाही 'चीज'च म्हणतात.

चीज म्हणजे बंदिश. चार ओळींची असते. दोन ओळी अस्ताईच्या, दोन अंतऱ्याच्या. कागदावर लिहिली तर पोस्टकार्डाच्या पाठीवर मावेल. परंतु राग कोणत्या वाटेने चालतो, कोठे थांबतो, कोणता स्वर हळूच बाजूला सारतो, हे सर्व त्या चार ओळींत गुंडाळून ठेवलेले असते. अप्रसिद्ध रागाची तर गोष्टच वेगळी. त्या रागाची एकच अस्सल चीज एखाद्या घरात असते, आणि ती गेली की रागही गेला. जडावाच्या दागिन्यावर सोनाराचा शिक्का असावा त्याप्रमाणे चिजेत कर्त्याचे नाव गुंफलेले असते. मुहंमदशाह रंगीले याच्या दरबारातील नियामतखाँ म्हणजेच सदारंग. त्याच्या मागून अदारंग, मनरंग. खुद्द वाजिद अली शाहही आपल्या ठुमऱ्यांत 'अख्तर' हे नाव घालीत.

ही ठेव घराण्यात कशी सांभाळली जाई याच्या कथा पुष्कळ आहेत. गंडा बांधला म्हणजे शागीर्द घरचा झाला असे म्हणत. परंतु घरचा होऊनही त्याला सर्व मिळत नसे. अस्ताई सांगावयाची आणि अंतरा राखावयाचा, ही रीत सर्वांस ठाऊक होती. मुलास आणि पुतण्यास 'खास तालीम', इतरांस साधी. भर मैफलीत एखादी मोलाची चीज गाण्याचा प्रसंग आलाच तर शब्द असे चिरडून गावयाचे की समोर बसलेल्या जाणकाराच्या हाती धड काही लागू नये.

लखनौच्या तबल्याच्या घराण्यातील कथा तर याहून बोलकी आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात दिल्लीची घडी विसकटली तेव्हा मोदूखाँ आणि बख्शूखाँ हे बंधू लखनौस येऊन स्थायिक झाले. बख्शूखाँनी आपली मुलगी फरुखाबादच्या विलायत अलींस दिली. हेच पुढे हाजी विलायत अली म्हणून प्रसिद्धीस आले. लग्नात जहेज म्हणून काय दिले? गती. कोणी पाचशेचा आकडा सांगतात. आकड्याचा आग्रह आम्ही धरीत नाही. पण 'जहेजी गत' हा शब्द तबलजींच्या बोलण्यात आजही आहे, आणि शब्द उगाच जन्मास येत नाहीत. दुसरी कथा मोदूखाँच्या पत्नीची. त्या पंजाबातल्या एका उस्तादाच्या कन्या. माहेरच्या गती त्यांच्या कंठात होत्या. पडद्याआड असल्यामुळे वाजविण्याचा प्रश्नच नव्हता. पती बाहेरगावी असता त्यांनी त्या गती पतीचा आवडता शिष्य रामसहाय यास सांगितल्या, आणि रामसहायांनी पुढे काशीस जाऊन स्वतंत्र घराणे उभारले. या बाईंचे नाव परंपरेने जपून ठेवलेले नाही, गती मात्र ठेवल्या.

आपल्याकडे संगीतावर लिहिणारे लोक या गुप्ततेस 'उस्तादांचा कंजूषपणा' म्हणून मोकळे होतात. आम्हांस तो न्याय वाटत नाही. इनामदाराच्या घरी सनद असे. ती पाहावयास मागणाऱ्या प्रत्येकास तो काढून देत असे काय? सनद हाताबाहेर गेली तर इनाम जाईल, ही भीती त्यास होती आणि ती खोटी नव्हती. गवयाची शेती, त्याचे पेन्शन, त्याच्या मुलाची नोकरी, सर्व त्या चिजांत होते. त्यांच्या मालकीची नोंद कोणत्याही कचेरीत होत नसे. ७ फेब्रुवारी १८५६ रोजी अवध खालसा झाले. वाजिद अली शाह कलकत्त्याजवळ मटियाबुर्जास गेले, काही कलावंत त्यांच्यामागून गेले, काहींनी रामपूर, ग्वाल्हेर, जयपूर अशी दारे धरली. घर सुटले, वेतन सुटले. कंठातली चीज तेवढी कोणास काढून घेता आली नाही. जिच्यावर दोन पिढ्या जगावयाचे ती वस्तू माणसाने जपू नये, अशी अपेक्षा दरमहा एक तारखेस पगार घेणाऱ्या आपण मंडळींनी तरी करू नये.

अर्थात जपलेली वस्तू चोरीसही जाते. एक चोरी तर आपल्या मराठ्यांच्याच दरबारात झाली, आणि तिचे फळ आज सारा महाराष्ट्र चाखतो आहे. ख्यालगायनाची थोर परंपरा लखनौस गुलाम रसूल आणि त्यांच्यानंतर शक्करखाँ व मक्खनखाँ यांच्या घरांत नांदत होती. या दोन घरांत भयंकर वैर. मक्खनखाँच्या घरचे नत्थन पीरबख्श लखनौ सोडून ग्वाल्हेरीस शिंद्यांच्या आश्रयास आले. त्यांचे नातू हद्दूखाँ आणि हस्सूखाँ. त्याच ग्वाल्हेरीस शक्करखाँचे चिरंजीव बडे मुहंमदखाँ यांच्या तानेचा डंका वाजत होता. ती गायकी या मुलांस हवी होती, आणि ती मागून मिळणे शक्य नव्हते. परंपरा सांगते की शिंदे सरकारांनीच या दोघांना पडद्यामागे बसवून बडे मुहंमदखाँचे गाणे महिनोगणती ऐकण्याची सोय करून दिली. पुढे एके दिवशी भर दरबारात मुलांनी ते गाणे जसेच्या तसे गाऊन दाखविले. खाँसाहेबांनी ओळखले की घरात दरोडा पडला. ते संतापून ग्वाल्हेर सोडून गेले.

दरोड्याचा माल पुढे कोठे गेला? हस्सूखाँकडून वासुदेवबुवा जोशी यांच्याकडे, आणि वासुदेवबुवांकडून बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्याकडे. बाळकृष्णबुवांनी तो महाराष्ट्रात आणला, मिरज-इचलकरंजीच्या परिसरात मुक्तहस्ते वाटला. विष्णु दिगंबर पलुसकर हे त्यांचेच शिष्य. लखनौच्या एका घरातील ठेव अशी कोल्हापूर-सांगलीच्या वाड्यांत येऊन पोचली. हे लखनौकरांस आठवत नाही आणि आपण सांगत नाही.

विष्णु नारायण भातखंडे यांचा मार्ग याहून वेगळा होता; म्हणूनच त्यांची गोष्ट सविस्तर सांगावयास हवी.

ते वकील होते, हे विसरून त्यांचे चरित्र वाचू नये. १८६० च्या गोकुळाष्टमीस मुंबईत वाळकेश्वरी त्यांचा जन्म झाला. १८८७ साली ते एल्‌एल. बी. झाले, काही काळ कराचीस वकिली करून मुंबईस परतले. पत्नी गेली, थोड्याच वर्षांत मुलगीही गेली. मग संसारही उरला नाही आणि पक्षकारांतही मन उरले नाही. पण वकिलाची दृष्टी राहिली. एखादा गवई 'हा राग आमच्या घराण्यात असाच' असे म्हणाला की भातखंड्यांना लगेच पुरावा हवासा वाटे. लेखी पुरावा ग्रंथांत शोधावयाचा, तोंडी पुरावा उस्तादांच्या घरी. आणि दोहोंची उलटतपासणी करावयाची. १९०४ साली ते दक्षिणेत तंजावर, मदुरा, एट्टयपुरम्‌ असे हिंडले. १९०७ साली पूर्वेकडे गेले. १९०८-०९ च्या उत्तरेच्या दौऱ्यात अलाहाबाद, काशी, लखनौ, आग्रा, दिल्ली, जयपूर, बिकानेर अशी मजल मारली. ठिकठिकाणची ग्रंथालये पाहिली आणि ठिकठिकाणच्या कलावंतांच्या दारी गेले. या दौऱ्यांच्या रोजनिशा त्यांनी ठेवल्या आहेत. त्यांत कित्येक नामांकित मंडळींविषयी इतके कडक शेरे आहेत की ते वाचताना पाहुणचार करणाऱ्यांची कीव येते. मनुष्य थोर होता, गोड होता असे म्हणवत नाही.

ग्रंथ मिळाले, पण चिजांचे काय? त्या मागून मिळत नसत हे वर आलेच आहे. येथे भातखंड्यांनी चिकाटीची कमाल केली. जयपूरच्या मुहंमद अलीखाँ यांच्या घरी मनरंगाच्या परंपरेच्या चिजांचा मोठा साठा होता. त्यांचे दोन मुलगे, आशक अली आणि अहमद अली, मुंबईस आले असता भातखंड्यांनी त्यांच्याकडून सुमारे तीनशे चिजा मिळविल्या, फोनोग्राफच्या मेणाच्या नळ्यांवर भरून घेतल्या, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. वडिलांस हे कळले तेव्हा ते संतप्त होऊन मुंबईस आले. हा प्रसंग मनाशी कल्पून पाहावा. एका बाजूस आयुष्यभर राखलेला खजिना मुलांनी परगावी जाऊन रिता केला म्हणून तळमळणारा वृद्ध. दुसऱ्या बाजूस, प्रत्येक चीज वहीत नीट उतरवून बसलेला मराठी वकील. शेवट समेटात झाला, इतकेच नव्हे तर भातखंड्यांनी मुहंमद अलींना गुरूच्या जागी मानले. वृद्धाचे समाधान कशाने झाले असेल? आपल्या घरच्या चिजा दुसऱ्याच्या वहीत, पण बिनचूक, पाहून झाले असेल काय? मुलांच्या कंठात त्या तशा राहतील की नाही, याची शंका त्यांस आधीच आली असावी, असा आमचा तर्क आहे.

रामपुरास तर भातखंड्यांनी रीतसर गंडा बांधून घेतला. तानसेनाच्या वंशातील वजीरखाँ तेथे होते आणि त्यांचे धनी व शिष्य नबाब हामिद अलीखाँ. सेनियांची ठेव शागीर्दाखेरीज कोणास मिळावयाची नाही म्हणून पन्नाशीच्या घरातला हा विद्वान शागीर्द होऊन बसला. ग्वाल्हेरीस एकनाथ पंडितांकडून तेथील परंपरेच्या चिजा त्यांनी घेतल्या. म्हणजे पडद्याआडून एकेकाळी चोरीस गेलेला लखनौचा माल येथे पुन्हा एकदा नोंदला गेला! काम करण्याची त्यांची रीत अशी की चीज ऐकावयाची, स्वरलिपीत उतरवावयाची आणि मग स्वतः वाचून गाऊन दाखवावयाची. उस्तादाने मान डोलावली तरच ती पक्की. त्यासाठी स्वरलिपीही त्यांनी अगदी साधी ठरविली. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्राला खाली टिंब, ताराला वर टिंब. कोणाही छापखान्यास जमावी अशी.

या साऱ्याचे फळ म्हणजे 'हिंदुस्थानी संगीतपद्धति क्रमिक पुस्तकमालिका'. सहा भाग, सुमारे अठराशे चिजा. पहिले चार भाग १९२० च्या आसपास एकामागून एक निघाले; शेवटचे दोन त्यांच्या निधनानंतर, १९३७ साली. मूळ पुस्तके मराठीत. ब्रज आणि अवधीतील शब्द, लखनौ-रामपूर-जयपूरच्या घरांतले स्वर, आणि भोवती समजावून सांगणारी भाषा मराठी! हाथरसहून हिंदी भाषांतरे निघेपर्यंत उत्तरेतल्या कित्येक विद्यार्थ्यांना आपल्याच मुलखातली चीज मराठीच्या आधाराने वाचावी लागली.

पुढची हकीकत लखनौकरांस ठाऊक आहे, ती थोडक्यात सांगतो. बडोदे, दिल्ली आणि काशी येथील परिषदांनंतर चौथी आणि पाचवी अखिल भारतीय संगीत परिषद १९२४-२५ च्या सुमारास लखनौस भरली. राय उमानाथ बली आणि प्रांताचे शिक्षणमंत्री राय राजेश्वर बली यांनी पुढाकार घेतला. अकबरपूरचे तालुकदार राजा नवाब अली, ज्यांनी स्वतः उर्दूत 'मआरिफुन्नगमात' हा चिजांचा ग्रंथ रचला, तेही भातखंड्यांचे स्नेही होते. १९२६ साली कैसरबागेतील तोपवाली कोठीत विद्यालय सुरू झाले आणि गव्हर्नर सर विल्यम मॅरिस यांचे नाव त्यास देण्यात आले. पुढे ते परीखान्यात आले. पहिले प्राचार्य माधव केशव जोशी. १९२८ पासून जवळजवळ तीस वर्षे श्रीकृष्ण नारायण रातंजनकर. के. जी. गिंडे यांच्यासारखी मुले दक्षिणेकडून येऊन रातंजनकरांच्या घरीच राहिली आणि वाढली. १९६६ मध्ये राज्य सरकारने संस्था आपल्याकडे घेतली व मॅरिसचे नाव जाऊन भातखंड्यांचे आले; २००० साली तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला आणि २०२२ मध्ये ती राज्याचे विश्वविद्यालय झाली.

योगायोग असा की परिषदांच्या त्याच धामधुमीत, १९२५ साली, लखनौस 'मअदनुल मूसीकी' हा ग्रंथ छापून निघाला. मुहंमद करम इमाम नावाच्या जाणकाराने एकोणिसाव्या शतकात तो लिहिला होता. वाजिद अली शाहांच्या काळचे गवई, वादक, नर्तक यांची त्यात भरगच्च माहिती आहे. तो इतकी वर्षे हस्तलिखितातच होता! घराघरांतून दडलेले कागद आणि कंठ त्या चारपाच वर्षांत जणू एकदमच बोलू लागले.

येथवर सर्व ठीक. परंतु क्रमिक पुस्तकाचा कोणताही भाग उघडून पाहावा. चिजेच्या माथ्यावर राग असतो, ताल असतो, कोठे लय लिहिलेली असते. ती कोणाच्या घरून आली हे असत नाही. सदारंगाचे नाव शब्दांतच गुंफलेले असल्यामुळे ते कोणास पुसता आले नाही. पण ज्या घराने ती दीडशे वर्षे राखली, जयपूरच्या ज्या मुलांनी ती गाऊन दाखविली, रामपूरच्या ज्या उस्तादाने मान डोलावली, त्यांची नावे त्या पानावर नाहीत. प्रस्तावनेतून आणि इतरत्र भातखंड्यांनी ऋणनिर्देश केले आहेत, हे खरे. गुरूंविषयी ते कृतघ्न नव्हते. परंतु पुरावा म्हटला की साक्षीदाराचे नाव प्रत्येक जबानीवर लागते, हे वकिलास कोणी सांगावयास नको होते. ते त्यांनी केले नाही, ही आमच्या मते त्यांच्या कामातील खरी उणीव आहे. स्वरलिपीत मींड उतरत नाही, चीज छापली की ती निर्जीव होते, असे आक्षेप उस्तादमंडळी घेत आली. ते आम्हांस तितके भारी वाटत नाहीत. कागदावरच्या चिजेत जीव घालणारा गायक निघतो. पुसलेले नाव मात्र मागाहून घालता येत नाही.

अलीकडच्या काही अभ्यासकांनी यावरून भातखंड्यांस फार कठोर शब्द लावले आहेत. मुसलमान उस्तादांची विद्या काढून घेऊन ती हिंदू सुशिक्षितांच्या हाती दिली, असा त्या टीकेचा रोख असतो. त्यात तथ्यांश आहे. उस्तादांस ते अशिक्षित समजत आणि तसे लिहीतही. पण त्यांनी भिंत फोडली नाही आणि पडद्यामागेही लपले नाहीत. समोर बसले, गंडा बांधला, मागितले, पुष्कळदा नकार ऐकला. जे मिळाले ते स्वतःच्या घराण्यासाठी ठेवले नाही. ठेवावयास घराणेच नव्हते. पुस्तकात छापून त्यांनी ते चव्हाट्यावर मांडले. ज्या घरांत पुढे गाणारे कोणी उरले नाही अशांच्या चिजा आज ऐकू येतात त्या या चव्हाट्यामुळे. हा हिशेब नीट जमाखर्च मांडून तपासावयास हवा. आणि तो तपासण्याचे काम, आम्हांस वाटते, फाटकावरचे नाव वाचून ज्यांची मान ताठ होते त्यांचेच आहे.

१९३३ च्या सुमारास भातखंडे अर्धांगाने अंथरुणास खिळले. १९ सप्टेंबर १९३६ रोजी, गणेशचतुर्थीस, ते मुंबईत वारले. लखनौच्या विद्यालयात तेव्हा केवळ मराठी मंडळीच शिकवीत होती असे नव्हे. सरोदास सखावत हुसेनखाँ होते. आणि तबल्याच्या वर्गावर पहिल्यापासून खलीफा आबिद हुसेनखाँ नेमलेले होते. हे बख्शूखाँच्या त्याच घराण्यातले. ज्या घराने मुलीच्या लग्नात सोन्याऐवजी गती दिल्या, त्या घरचे प्रमुख. शहरातल्या तबलजींनी ज्यांच्यापुढे कान धरावा असे हे वृद्ध उस्ताद दररोज कैसरबागेत येत आणि फी भरून नाव घातलेल्या कोणाही मुलासमोर डग्गा पुढे ओढून बसत. जहेजातल्या गतींपैकी कोणत्या त्यांनी वर्गात सांगितल्या आणि कोणत्या घरीच ठेवल्या, ते त्यांचे त्यांस ठाऊक.